पाकटाचा जबडा, उंदराचा कान

आत्याला जिवंत उंदराची भयंकर भीती वाटायची, आणि तिचा सगळा जन्म मेलेले उंदीर रंगवण्यात गेला होता. कारखान्यात कुठे जराशी खुडबुड झाली की ही बाई हातातल्या ब्रशसकट स्टुलावर चढून उभी राहायची. खाली टेबलावर तिनेच तारेने जोडलेला उंदराचा सांगाडा चारी पाय रोवून उभा असायचा. त्याला मात्र ती बिनदिक्कत हनुवटीला धरून उचलायची. हे कसं काय, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, हा अंगावर धावून येत नाही ना. त्याच्या पुढे विचारणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यावं, कारण आत्या नाकावर माशी बसू देणाऱ्यांतली नव्हती.

कारखाना हा शब्द तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा. ऐकणाऱ्याला वाटावं, चिमणी असेल, भोंगा होत असेल. होत्या रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल, मागच्या खोलीत सिमेंटचा हौद, नळ, आणि औषधाच्या बरण्यांचा असा वास की नवख्या माणसाचे डोळे वाहायलाच लागावेत. जिना चढून वर गेलं की राहायचं घर. शाळा-कॉलेजांना लागणारे प्राण्यांचे सांगाडे दादा तिथे बनवायचा. बेडूक म्हणा, कबूतर म्हणा, ससा म्हणा, मागणी येईल ते. पोट त्यावर चालायचं. जीव मात्र अडकलेला होता तो नात्याच्या फळ्यांमध्ये.

नात्याची फळी म्हणजे एका लाकडी फळीवर शेजारी शेजारी उभे केलेले दोन प्राण्यांचे सांगाडे. दोघांच्या अंगात जे मुळात एकच आहे, ते एकाच रंगाने रंगवायचं. एकाचा कणा पिवळा, तर दुसऱ्याचाही पिवळा. एकाचे पुढचे पाय निळे, तर समोरच्याला पायांच्या जागी पंख असोत नाहीतर माशाचे पर असोत, तेही निळेच. ज्याला जोडीदार सापडत नाही ते पांढरं सोडायचं. दादाचा नियम कडक होता. नातं नसताना उगाच रंग फासायचा नाही, आणि नातं असताना पांढरं सोडायचं नाही. कुणी कुत्रा आणि लांडगा अशी फळी मागितली की तो तोंड वाकडं करायचा. जवळचं नातं काय, कुणालाही दिसतं, असं त्याचं म्हणणं. त्याला लांबचे पाहिजेत. जितके लांबचे तितकी त्याची कळी खुलायची. आणि त्यातही पाकट मासा आणि उंदीर ही जोडी काढली की दादा जेवणखाण विसरायचा.

आता पाकट आणि उंदीर यांचं एकमेकांशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. पाकट चपटा, पसरट, शेपटीवर विषारी काटा बाळगणारा, समुद्राच्या तळाशी वाळू अंगावर ओढून पडून राहणारा. त्याच्या अख्ख्या अंगात एक हाड नाही. आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तसली लवचीक कूर्चा, तिचाच सगळा सांगाडा. उंदीर आपल्या कपाटामागे राहतो, त्याला मिशा आहेत, कान आहेत, अंगभर केस आहेत. दोघांचा शेवटचा सामायिक पूर्वज चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी कुठल्याशा समुद्रात पोहत होता, आणि तो नेमका कसा दिसायचा हे आजही कुणाला धड माहीत नाही. तरी दोघे एका फळीवर आले की रंग जुळत जायचे. कवटीला कवटी, कण्याला कणा, पुढच्या परांना पुढचे पाय, मागच्या परांना मागचे पाय. सगळ्यात शेवटी यायचा तांबडा.

तांबडा म्हणजे पाकटाचा जबडा. फळी बघायला आलेली माणसं पाकटाच्या तोंडातला तांबडा बघायची आणि साहजिकच उंदराच्या तोंडात तांबडा शोधायची. तिथे तो नसायचाच. दादा हाताची घडी घालून मजा बघत उभा. माणसं पुरती गोंधळली की त्यांच्या हातात भिंग द्यायचा आणि उंदराच्या कानाकडे बोट दाखवायचा. कानामागची फुगीर हाडाची डबी थोडीशी कापून तिथे खिडकी केलेली असायची, आणि आत मोहरीहूनही बारीक अशी दोन हाडं तांबडी केलेली असायची. पाकटाचा जबडा ज्या भागाचा बनतो, त्याच भागाची, पिढ्यान् पिढ्या सरकत सरकत, उंदराच्या कानात जाऊन ही दोन हाडं झाली. उंदराच्याच कशाला, आपल्याही. पाकट ज्याने चावतो त्याने आपण ऐकतो, असं दादा म्हणायचा, आणि बघणारी माणसं नकळत आपल्या कानाला हात लावायची.

तो कान रंगवणं हे एकट्याचं काम नव्हे. एकाने एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात दिवा धरायचा, दुसऱ्याने श्वास रोखून केसाएवढ्या ब्रशाने रंग टेकवायचा. कारखान्यात भिंग दादा धरायचा आणि रंग आत्या लावायची. मासे वहिनीकडे असायचे.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, माशांकडे कशी वळली ते ऐकण्यासारखं आहे. जिच्या माहेरी मासा उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता, ती मुलगी लग्न होऊन या घरात आली, आणि जिना उतरून खाली बघते तर हौदात पाकट. त्या वेळी आत्या कॉलेजात होती, आत्या व्हायची होती. आयुष्यातला पहिला मोठा पाकट तिने स्वतः साफ करायला घेतला होता, आणि घेतला होता म्हणजे काय, रोज कॉलेजातून आली की बाह्या सारून हौदाशी बसायची. एका दुपारी ती आणि दादा बाहेर गेले असताना नव्या नवरीच्या मनात आलं, आपण काही हातभार लावावा. शेगडीवर पातेल्यात उंदीर मंद आचेवर होता. हाडं सुटी करायची तर उंदीर असा शिजत ठेवायचा, हे तिने बघून ठेवलं होतं. तिने पाकटही त्याच पातेल्यात घातला, झाकण लावलं आणि आच मोठी केली.

उंदराची हाडं लख्ख निघाली. पाकटाचं मात्र पाणी पाणी झालं, आणि ते पाणी निवल्यावर पातेल्यात नुसता सरस. कूर्चा ती, उकळली की विरघळणारच. आत्याने झाकण उचललं, आत बघितलं, झाकण परत ठेवलं आणि जिना चढून वर निघून गेली. दादाने बोट बुडवून बघितलं, एका उंदराचं तुटलेलं शेपूट त्या सरसाने जागच्या जागी चिकटवलं, आणि म्हणाला, धरतोय बरं का चांगला. बायकोला हसू येईना आणि रडूही येईना.

आत्याने अबोला धरला. घरात नवी वहिनी आलेली, लोक भेटायला येतायत, आणि नणंद तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. शेवटी एका पहाटे वहिनी कुणाला न सांगता मासळी बाजारात गेली, नाकाला पदर लावून एक पाकट उचलून घेऊन आली, आणि हौदाच्या कडेला बसून नखांनी त्याचं मांस खरवडायला लागली. आत्या खाली आली तेव्हा वहिनीची बोटं सोललेली होती आणि पाकटाचा एक पर जवळजवळ साफ झालेला होता. मग आत्या फडताळातली बांबूची पट्टी काढून तिच्या हातात देत म्हणाली, नखांनी नाही, याने खरवड, आणि पाणी गार ठेव. हे त्या दोघींचं पहिलं धड बोलणं.

त्या दिवसापासून मासे वहिनीचे झाले. कूर्चा वाळली की वाकडीतिकडी होते, म्हणून ओली असतानाच तिचा ठसा घेऊन प्लास्टरमध्ये ओतायची, यात वहिनीचा हात असा बसला की दादासुद्धा तिला विचारून करायचा. टेबलाच्या डाव्या टोकाला वहिनी, उजव्या टोकाला आत्या, मध्ये दादा. पाकटबाई, उंदीरबाई, चहा टाकता का कुणी, असं तो मधूनच म्हणायचा, आणि दोघींपैकी कुणी उठली नाही की निमूटपणे स्वतः टाकायचा. मुलगा झाला तो प्लास्टरच्या पोत्यांवर दुपारची झोप काढत मोठा झाला. तो आत्या म्हणायला लागल्यावर सगळेच तिला आत्या म्हणायला लागले, त्याची आई, म्हणजे वहिनीसुद्धा, आणि तिचं खरं नाव वापरातून गेलं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची ज्यांची छाती होती ती माणसं आता उरली नाहीत.

फळी बाहेर पडायच्या आधी तपासणी व्हायची तीही टेबलाच्या दोन टोकांनी. वहिनी पाकटाच्या बाजूने विचारणार, कणा? आत्या उंदराच्या बाजूने सांगणार, पिवळा. पुढचे? निळे. मागचे? हिरवे. मध्ये उभा राहून दादा दोन्हीकडे मान फिरवत बघायचा. आत्याला पुढे आठवायचं ते हेच. एखाद्या संध्याकाळी दार उघडं आहे, रस्त्यावरचा उजेड टेबलावर आलेला, वहिनीचा आवाज तिकडून येतोय आणि आपला इकडून जातोय. आपण सुखात आहोत हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दादा गेला. फार न रेंगाळता, कुणाला त्रास न देता गेला, असं लोक म्हणाले. जणू रेंगाळला असता तर या दोघींची काही तक्रार होती. त्यानंतर दोघींनी कारखाना तसाच चालवला. पण शाळा आता पडद्यावर चित्रं दाखवतात, सांगाडे कोण घेतो. त्यात जागेच्या मालकाचा निरोप आला की इमारत पाडायची आहे, खालचं वरचं सगळं रिकामं करा. आणि त्याच सुमाराला एका मोठ्या संग्रहालयाने नव्या दालनासाठी फळी मागितली. नेमकी पाकट आणि उंदराची. दोघींना ठाऊक होतं की ही शेवटची. दोघींपैकी कुणीही तसं म्हटलं नाही.

वहिनीचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता. त्याचं लग्न झालेलं, घरात बाळ येणार होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि आईला ये म्हणायचा. फोन वाजला की आत्या जिना उतरून कारखान्यात जाऊन बसायची. चोरून ऐकते असं कुणी म्हणायला नको. त्यामुळे माय-लेकरांचं काय ठरतंय हे तिला कधीच कळलं नाही, आणि विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मनातल्या मनात मात्र ती रोज तेच दळण दळत होती. वहिनी जाणार. का जाणार नाही, पोटचा मुलगा आहे, नातवंड येतंय. आणि आपण? आपण तिच्या कोण? दादा होता म्हणून ती वहिनी. दादाच नाही, तर दोघींना बांधून ठेवणारं राहिलं काय? आत्याच्या जिवाला या विचाराने घोर लागला होता.

अशात संग्रहालयाच्या बाई काम कुठवर आलंय ते बघायला आल्या. वयाने लहान, पण आपल्या विषयात तरबेज आणि बोलायला गोड. त्यांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. पाकटाच्या कुळातले काही मासे म्हणे मागच्या परांनी समुद्राच्या तळावर चालतात, डावं-उजवं, डावं-उजवं करत, आणि त्यांचे ते पर हलवणाऱ्या नसा आणि उंदराचे पाय हलवणाऱ्या नसा यांची जुळणी मुळात एकच निघाली आहे. म्हणजे पाय फुटायच्या कितीतरी आधी चालणं आलेलं होतं. वहिनी ऐकतच राहिली. हे हिच्या दादाला कळायला पाहिजे होतं, ती म्हणाली, आणि आत्याला अगदी तेच म्हणायचं होतं. मग वहिनीने आपल्याकडची एक दिली. पाकटाची मादी अंडी घालून मोकळी होत नाही, पिल्लं पोटात वाढवते आणि पोटातल्या पोटात त्यांना दुधासारखं काहीतरी पाजते. उंदराची आई बाहेर पाजते, ही आत, इतकंच. बाईंना हे अर्थातच ठाऊक होतं, पण त्यांनी ते कौतुकाने ऐकून घेतलं.

निघता निघता त्यांनी सहज विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? वहिनी हसत म्हणाली, "छे हो. हिचा भाऊ माझा नवरा. आता तोही नाही, म्हणजे तसं लांबचंच म्हणायचं नातं."

बाई हसल्या, वहिनी हसली. आत्या पण हसली, तोंडदेखलं. सगळ्या जगासमोर सांगून टाकलं हिने. लांबचं. इतकी वर्षं एका टेबलाला बसून, एका चुलीवर जेवून, एकाच माणसासाठी रडून, शेवटी लांबचं. त्या दिवसापासून आत्या जी आक्रसली ती आक्रसलीच. आपला चहा आपण करून घ्यायला लागली. वहिनीने काही विचारलं तर हो नाहीतर नाही, तिसरा शब्द नाही. वहिनीला वाटलं, जागा सुटणार म्हणून हिचं मन थाऱ्यावर नाही. एकदोनदा तिने विषय काढून बघितला, पण आत्याने दाद लागू दिली नाही.

काम मात्र थांबलं नाही. वहिनीने पाकट असा ओतला होता की त्याच्या परातली प्रत्येक काडी मोजून घ्यावी. आत्याने उंदीर उभा केला, कवटी रंगवली, कणा रंगवला, पाय, शेपूट. फक्त कान राहिला. त्यासाठी भिंग धरायला कुणीतरी लागणार होतं, आणि कुणीतरी म्हणजे वहिनी. नुसती जिन्यापाशी जाऊन हाक मारायची होती. आत्या दोनदा जिन्यापाशी गेली आणि परत आली. मग भिंग पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून तिने एकटीने प्रयत्न केला. नजर पहिल्यासारखी राहिली नव्हती, ब्रशाचं टोक कुठे आहे तेच दिसेना. तिने ब्रश धुऊन ठेवला. राहू दे पांढरा, कुणाला कळतंय.

संग्रहालयाची गाडी यायची त्या दुपारी दोघी तपासणीला बसल्या. मधली जागा रिकामी होती, तिच्याकडे दोघींनी बघायचं टाळलं.

कवटी? जांभळी. कणा? पिवळा. पुढचे? निळे. मागचे? हिरवे. वहिनीने पाकटाच्या तोंडावर बोट ठेवलं आणि विचारलं, जबडा?

आत्या टेबलावरचा ब्रश उचलून फडक्याने पुसायला लागली. वहिनीने मान वर करून बघितलं, मग उठून टेबलाच्या या टोकाला आली, भिंग डोळ्याला लावलं आणि उंदरावर वाकली.

"पांढराच आहे की गं हा," ती म्हणाली.

"एकटीला दिसत नाही मला. भिंग कोण धरणार?"

"मी वरच होते. हाक मारायचीस."

"आज मारली असती. पुढच्या महिन्यात मारली तर कोण येणार आहे?"

झालं, एकदाचं बाहेर पडलं. आत्याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. इतके दिवस तोंड मिटून सांभाळलेलं सगळं एका फटक्यात सांडलं होतं, आणि तेही गाडी यायच्या वेळेला. वहिनीने स्टूल ओढून घेतलं आणि तिच्यासमोर बसली. रागावली होती की काय कळेना.

"मी जाते असं कधी म्हणाले तुला?"

"राहते असं तरी कधी म्हणालीस?"

"मी कशी म्हणू?" वहिनी म्हणाली. "घर तुझ्या वडिलांनी भाड्याने घेतलेलं. कारखाना तुझ्या भावाचा. मी त्याच्या मागून आले इथे. तो गेल्यापासून वाट बघतेय, की तू म्हणशील, वहिनी, मला सोडून जाऊ नकोस, नाहीतर म्हणशील, जायचं तर दोघी जाऊ. काहीतरी म्हणशील. तू काय करतेस, तर फोन वाजला की जिना उतरतेस."

आपणच तेवढे उपरे आहोत आणि ती घरची आहे, अशी तिची पक्की समजूत होती. वहिनीही स्वतःला पाहुणी समजत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणजे दोघी आपापल्या टोकाला बसून समोरची कधी बोलते याची वाट बघत होत्या, आणि बोलायला भाग पाडणारा मधला माणूस राहिला नव्हता.

"लांबचं म्हणालीस तिला," आत्या पुटपुटली. आवाज तिचा तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

"अगं, मग आहेच लांबचं. तुझ्या-माझ्यात रक्ताचा थेंब सारखा नाही." वहिनीने दिवा ओढून जवळ घेतला. "या टेबलावर लांबच्याला कमी कधीपासून समजायला लागलीस तू? ऊठ, ब्रश घे. ती माणसं येतील."

आत्या उठली. तांबड्याची बाटली उघडली, केसाएवढा ब्रश धुऊन घेतला. वहिनीने डाव्या हातात दिवा आणि उजव्या हातात भिंग धरलं, आणि दोघींची डोकी उंदराच्या कवटीवर इतकी जवळ आली की एकमेकींचा श्वास ऐकू यावा. असं वाकलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही. कदाचित म्हणूनच वहिनी पुढचं बोलू शकली.

तिने सांगितलं की पोरगा पहिल्यापासून दोघींनाच बोलावतोय. त्याने आणि सुनेने मिळून मागची खोली रिकामी करून ठेवली आहे, दोन पलंगांची. आत्याला तूच सांग, असं तो आईला म्हणतो, कारण या वयातही त्याला आत्याची भीती वाटते. आणि वहिनी त्याला दर रविवारी सांगते की तिने विचारल्याशिवाय मी कसं सांगू, तिच्या मानी स्वभावाला ते दया केल्यासारखं वाटेल.

"वाटलंच असतं," आत्या म्हणाली.

"माहीत आहे मला."

आत्याने ब्रश रंगात बुडवला आणि बाटलीच्या काठाला पुसला. मनातला शेवटचा अडसर अजून हलत नव्हता. एका तरुण मुलीच्या संसारात, तिच्या बाळाच्या पाळण्यापाशी, नवऱ्याच्या बापाची बहीण जाऊन बसणार. लोक येतील, विचारतील, या कोण.

"कोण म्हणून येऊ मी तिथे?"

"माझी नणंद म्हणून," वहिनी म्हणाली. "नवरा गेला म्हणून नणंद जात नाही."

भिंगाखाली उंदराचा कान चांगला मोठा दिसत होता, खिडकीतली दोन पांढरी हाडं स्पष्ट दिसत होती, आणि बघता बघता ती सगळी थरथरायला लागली. हात कापतोय आपला, असं आत्याला वाटलं, आणि वयाला शिव्या घालत तिने हाताकडे बघितलं. पण तिचा ब्रश अजून बाटलीच्या काठावरच होता. कापत होतं ते भिंग. दिवाही कापत होता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि कुणीतरी लोखंडी दारावर थाप मारली. दोघींपैकी कुणीही जागची हलली नाही.

"येते मी तुझ्याबरोबर," आत्या म्हणाली. "आता धर नीट."